मागणं आणि दाखवणं

(ताराबाई मोडक यांच्या स्मरणार्थ दिलेलं व्याख्यान)



१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बरोबर होत्याच. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरू लागली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. हे या व्यासपीठावर अनेकांनी माझ्याहून चांगलं सांगितलेलं आहे. मी त्याच्याही मागे जाणार आहे. त्या जुन्या हकीकतीत मला माझी मुलगी भेटते.

माझ्या मुलीला ऑटिझम आहे, आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो. ती सात वर्षांची आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो, मी बँकेत नोकरी करते. तिचं नाव मी इथे घेत नाही. स्वतःची गोष्ट कुणाला सांगायची आणि किती सांगायची, हे उद्या तिचं तिला ठरवता यावं.

ताराबाई शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात घडल्या, आणि गिजुभाईंनी प्रेरणा घेतली ती मारिया माँटेसरींकडून. माँटेसरींचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये निघालं. पण त्याआधी, १९०० च्या सुमारास, त्या मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्या कामासाठी त्यांनी इतार आणि सेगाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं लिखाण शोधून काढलं आणि स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून घेतलं. आपल्या बालवाड्यांतले ठोकळे, खरखरीत-गुळगुळीत पाट्या, बोटांनी गिरवायची अक्षरं यांची मुळं तिथे आहेत. ज्यांना काही शिकवता येणार नाही असं सगळे म्हणत होते, त्या मुलांसाठी ही साधनं आधी तयार झाली आणि मग बाकीच्या मुलांना मिळाली. आज विशेष मुलांना नेहमीच्या शाळेत ‘सामावून घ्या’ म्हणावं लागतं, तेव्हा मला हा क्रम आठवतो.

त्यातला इतार मला फार जवळचा वाटतो. १८०० साली दक्षिण फ्रान्समधल्या आवेरों भागात, जंगलात एकटा राहिलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. वय अकरा-बारा असेल. बोलत नव्हता, कपडे अंगावर ठेवत नव्हता. त्याला पॅरिसला मूकबधिरांच्या संस्थेत आणलं. पिनेलसारख्या नामांकित डॉक्टरने तपासून त्याच्याबद्दल आशा नाही असं मत दिलं. तरुण इतारने ते मानलं नाही. त्याने मुलाला व्हिक्टर हे नाव दिलं, त्याच्यामागे अनेक वर्षं घालवली आणि १८०१ व १८०६ साली दोन अहवाल लिहिले. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात व्हिक्टर स्वमग्न असण्याची शक्यता मांडली आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलाचं निदान आज कोण कसं करणार? पण अहवाल वाचताना मी पानोपानी थांबत होते.

इतार लिहितो, व्हिक्टरच्या मागे पिस्तूल झाडलं तरी तो दचकत नसे. पण कुणी हळूच अक्रोड फोडला की मान वळवून बघायचा. आमच्या घरी हेच होतं. मुलीला नावाने हाक मारली तर ढिम्म हलायची नाही. आम्ही तिची बेरा टेस्ट करून आणली, कान उत्तम निघाले. आणि स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरला की आतल्या खोलीतून ती हजर. डॉक्टर तपासत होते तिला किती ऐकू येतं ते. तिला काय ऐकायचं असतं, हे ज्याच्या हातात पुडा आहे त्यालाच कळणार.

इतारची एक निराशा मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याने दुधाचा पेला समोर धरून व्हिक्टरकडून दुधासाठीचा फ्रेंच शब्द वदवून घ्यायचा खूप प्रयत्न केला. अखेर मुलगा तो शब्द बोलला, पण दूध हातात पडल्यावर. इतार खट्टू झाला. शब्द मागण्यासाठी यायला हवा होता. हा तर नुसता आनंदाचा उद्गार, त्याचा काय उपयोग, असं त्याला वाटलं.

आज आपण हे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. १९८० च्या दशकात पीटर मंडी आणि मेरियन सिगमन या अमेरिकी संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या खाणाखुणा बारकाईने पाहिल्या. त्यांना दिसलं, की वस्तू मागायला ही मुलं काही ना काही वाट काढतात. हात धरून ओढतात, डबा आणून देतात. त्यांना जड जातं ते दाखवणं. म्हणजे एखादी गोष्ट नुसती आवडली म्हणून दुसऱ्याचं लक्ष तिच्याकडे वेधणं. दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ जी एम-चॅट प्रश्नावली वापरतात, तिच्यात हे दोन वेगळे प्रश्न आहेत: मूल काही हवं म्हणून बोट करतं का, आणि काही गंमत दाखवायला बोट करतं का. गरज भागवतं ते मागणं. माणसांत आणतं ते दाखवणं.

माझी मुलगी तहान लागली की माझं मनगट धरायची आणि माझा हात माठावर नेऊन ठेवायची. तोंडाकडे बघायची नाही. जणू हात हीच आई. आम्ही तिच्याकडून ‘पाणी’ हा शब्द यावा म्हणून झटत होतो आणि सगळं घर त्या एका शब्दाकडे डोळे लावून बसलं होतं. अशात एका दुपारी ती गॅलरीत उभी असताना सोसायटीत पाण्याचा टँकर आला. तिने बोट टँकरकडे केलं, मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टँकरकडे पाहिलं. तोंडातून आवाज नाही. तिला टँकर नको होता, त्याच्याजवळ जायचं नव्हतं. तो मी बघावा एवढंच तिला हवं होतं. आम्ही दोघी तो रिकामा होईपर्यंत उभ्या होतो.

संध्याकाळी नगरहून माझ्या आत्याचा फोन आला. नेहमीचाच प्रश्न, “बोलायला लागली का गं?” मी म्हटलं, “नाही आत्या, पण आज तिने मला टँकर दाखवला.” आता हे फोनवर कुणाला कसं पटवायचं, या विचारात मी होते. आत्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे बघायला तिला आता सोबत हवीये.” त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरातल्या माणसांच्या बघण्याला या विषयाच्या इतिहासात फार वाईट वागणूक मिळाली आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध लिहिला आणि ऑटिझमची वैद्यकशास्त्राला ओळख करून दिली. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी मुलाबद्दल टाइप केलेलं ३३ पानी पत्र डॉक्टरांना आधीच पाठवलं होतं: काय खातो, काय फिरवत बसतो, कोणते शब्द कसे वापरतो. या शास्त्राचा पहिला दस्तऐवज एका बापाचं निरीक्षण आहे. आणि पुढे असं झालं, की इतक्या बारकाईने लिहिणं हेच आईबाप थंड आणि यांत्रिक असल्याची खूण मानलं गेलं. ब्रूनो बेटलहाइमने १९६७ च्या पुस्तकात दोष सरळ पालकांवर, मुख्यतः आईवर टाकला. त्याच्या तीनच वर्षं आधी बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, हा आरोप निराधार असल्याचं पुराव्यांनिशी मांडलेलं होतं. १९६९ साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आईबापांना दोषमुक्त केलं. आपल्याकडे अजून ‘आई नोकरी करते ना’ आणि ‘मोबाइल दिला असेल’ ही वाक्यं हळदीकुंकवाला ऐकू येतात. इथे बसलेल्या प्रत्येक आईला मी सांगते: तुमच्या कोणत्याही वागण्याने तुमचं मूल स्वमग्न झालेलं नाही. डोनाल्ड पुढे गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ शिकला, एकट्याने जग हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला आपला मानलं होतं.

आता आपल्या अगदी शेजारची गोष्ट, गोव्याची. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे सहकारी यांनी मिळून एक अभ्यास केला. तो २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आला. ६५ मुलं होती, वय २ ते ९. पद्धत मूळ ब्रिटनमधली, पण इथे ती राबवली विशेषज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी. या पद्धतीत आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग कार्यकर्ती पालकांबरोबर बसून ते पाहते. मूल कुठे वळून बघतं, कुठे हात पुढे करतं आणि थांबतं, तिथे ती चित्र थांबवते. खेळाच्या भरात निसटलेली ती गोष्ट आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पुढच्या वेळी आई जरा कमी बोलते, थांबते, मुलाच्या मागोमाग जाते. ज्यांना ही मदत मिळाली त्या पालकांचं मुलांशी सूर जुळणं वाढलं, आणि मुलं आपणहून जास्त वेळा आईबापाशी संवाद सुरू करू लागली. या मदतीचा गाभा काय, तर बघायला शिकवणं. उपजत मायेने ते आपोआप येतं हा समज सोडून द्यायला हवा. माया होतीच. नजर कमवावी लागते, आणि शिकवता येते. साध्या कार्यकर्तीला शिकवता येते, ही त्यातली सगळ्यात आशेची बाब.

माझी नजर मी कालनिर्णयवर कमावली. दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहितो त्याच चौकोनात मी दोन-चार शब्द लिहू लागले. ‘मिक्सर, दार’ असं एका चौकोनात आहे. मिक्सर लागला की मुलगी कानांवर हात दाबून किंचाळायची, कधी भिंतीवर डोकं आपटायची. चटणी मी ती शाळेत गेल्यावर वाटायची. एके दिवशी मी मिक्सर ओट्यावर नुसता ठेवला. तिने पाहिलं, उठली, आली आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. आवाजाचा त्रास तेवढाच होता, कुठल्याही मोजपट्टीवर तो तेवढाच दिसला असता. पण तिने पुढे काय होणार ते ओळखलं होतं, स्वतःपुरता उपाय काढला होता, आणि मला चटणी वाटू दिली होती.

जेवणाचंही तसंच. ती दहीभात खायची, आणि त्यात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी ताट भिरकवायची. मग ताट नुसतं सरकवू लागली. बरेच दिवस तिथेच अडलं होतं. मग दिवाळी आली, फटाक्यांनी तिची झोप उडाली आणि ताट पुन्हा भिरकावलं जाऊ लागलं. शौचाला सांगणं सुटलं. घरात सगळ्यांचा धीर सुटला. अशा वेळी भिंतीवरचे जुने चौकोन उपयोगी पडतात. ‘सगळं गेलं’ असं मन म्हणत असतं, आणि तुमच्याच अक्षरात तिथे लिहिलेलं असतं की आषाढात तापानंतरही असंच झालं होतं आणि परत आलं होतं. मार्गशीर्षात तिने कोथिंबिरीचं पान चिमटीत उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. बाजूला टाकलं नाही, माझ्या ताटात ठेवलं. ही मी खाते, हे तिला माहीत होतं.

ती बोलतेही आता, पण आपण बोलतो तसं नाही. लोकलमधल्या सूचना तिला पाठ आहेत. कुठूनही निघायचं असलं की ती त्या सुरात म्हणते, “पुढील स्टेशन, दादर.” लग्नाच्या हॉलमध्ये आवाज सहन होईना, तेव्हा म्हणाली. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत म्हणाली. कुणाला ही अर्थहीन पोपटपंची वाटेल. वाचातज्ज्ञ बॅरी प्रायझंट यांनी १९८१ साली सहकाऱ्याबरोबर दाखवून दिलं, की मुलांनी ऐकलेलं परत म्हणण्यामागे बहुतेक वेळा काही काम असतं: होकार, विनंती, स्वतःला धीर देणं. मात्र ते काम कळायला ते वाक्य मुलाने कुठून उचललं हे ठाऊक असलेला माणूस जवळ लागतो.

आता एका गोष्टीबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. प्रत्येक बदल ही प्रगती नव्हे. आनंद झाला की माझी मुलगी दोन्ही हात पाखरासारखे फडफडवते. एका प्रशिक्षण वर्गात तिला हात मांडीखाली दाबून बसायला शिकवलं आणि ‘छान सुधारणा’ असा शेरा आला. त्या आठवड्यात ती घरी आल्यावर तासनतास रडायची. आम्ही तो वर्ग सोडला. मोठे झालेले स्वमग्न लोक आता स्वतः लिहितात, बोलतात, आणि लहानपणी आपल्याला चारचौघांसारखं दिसायला किती राबवलं हे सांगतात. त्यांचं ऐकायला हवं. जे केल्याने मूल आपल्या सोयीचं होतं आणि स्वतः आक्रसतं, त्याला मी प्रगती म्हणणार नाही. मुलाची जगात वावरायची ताकद वाढली का, त्याला कमी भीती वाटते का, ते जास्त वेळा आपणहून कुणाजवळ जातं का, हे माझे प्रश्न आहेत.

सरकारी कागदपत्रांचं वेगळं संकट असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे, ही मोठी गोष्ट झाली. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, अडचण जास्त तितके गुण जास्त. म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाला आईने काय येत नाही ते एकामागून एक सांगायचं, आणि मूल शेजारीच बसलेलं. पालकांनी हे प्रमाणपत्र जरूर काढावं, तो मुलाचा हक्क आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर काय येऊ लागलं याचा दुसरा हिशेबही उघडून बसावं. दोन्ही खरे आहेत, आणि दुसरा कुठलंच कार्यालय ठेवत नाही.

ताराबाईंच्या नावाने मला एक मागणी करायची आहे. अंगणवाडीच्या सेविकाताई वजन लिहितात, उंची लिहितात, लसी लिहितात, पोषण आहार लिहितात. त्यांच्या मानधनाच्या मानाने कामाचं ओझं आधीच अन्यायाचं आहे, म्हणून ‘आणखी एक रजिस्टर’ असं मी म्हणत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती आखून दिली आहे: लवकर ओळखणं, सामील करून घेणं, आणि गरज असेल तर आशाताई व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत पुढे पाठवणं. ओळखणं आणि पाठवणं यांची प्रशिक्षणं होतात. मधल्या टप्प्याचं, म्हणजे ते मूल रोज समोर बसलेलं असताना त्याच्यात काय बघायचं याचं प्रशिक्षण, गोव्याच्या धर्तीवर प्रत्येक तालुक्यात व्हावं. त्यासाठी सेविकाताईंना वेळ आणि मोबदला मिळावा. मूल बोट कशाकडे करतं, कुणाकडे वळून बघतं, कोणत्या मुलाशेजारी जाऊन बसतं, यातलं बरंच आईला दिसत नाही, कारण तेव्हा ती तिथे नसते.

मागच्या जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली, नेहमीच्या मराठी शाळेत. वर्गशिक्षिकेने मला विचारलं, “मला काय काय माहीत असायला हवं?” हा प्रश्न विचारणारी शिक्षिका मिळणं याला आजही नशीब म्हणावं लागतं. मी त्यांना एक कागद दिला. घंटेच्या आधी तिला खुणेने सांगा. ‘पुढील स्टेशन’ म्हणाली तर पाच मिनिटं व्हरांड्यात जाऊ द्या. हात फडफडले तर ती खूश आहे. डोळ्यांत बघायला सांगू नका, न बघता ती जास्त चांगलं ऐकते. कागदाची मागची बाजू त्यांच्यासाठी कोरी ठेवली होती. पहिल्या चाचणीच्या सुमारास कागद घरी आला, त्यावर बाईंनी लिहिलं होतं: शेजारच्या मुलाच्या दप्तराची चेन उघडी राहते, ती तुमची मुलगी रोज लावून देते. तो आता तिच्यासाठी जागा धरतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या मुलाच्या आईला बाईंनी हे कळवलं होतं, आणि त्या आईने आम्हाला घरी बोलावलं. कागद आता दुसरीच्या वर्गशिक्षिकेकडे गेला आहे. जागा संपली म्हणून बाईंनी त्याला आणखी एक पान जोडून दिलं आहे.